बेसवाल्याने बँडसारखं दिसावं का?

आजचा विषय ऐकायला थोडा फॅशनचा वाटेल. बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याचे कपडे, केस आणि गळ्यातलं वाद्य त्या बँडच्या शैलीला शोभणारं असावं का? म्हणजे मेटल वाजवणारे असतील तर काळं, टोकदार वाद्य हवं, आणि साठच्या दशकातली गाणी वाजवणारे असतील तर जुन्या घाटाचंच हवं, असं काही असतं का?

प्रश्न वरवरचा वाटला तरी त्याचे परिणाम वरवरचे नाहीत. नवशिका वादक साठवलेले सगळे पैसे एका वाद्यात घालतो आणि तेवढे पुन्हा जमायला त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. दुसरीकडे, "वाजवतोस चांगलं, पण आमच्यात शोभत नाहीस" असं म्हणून एखाद्याला परत पाठवलं जातं. तेव्हा पैसा आणि संधी, दोन्ही या प्रश्नाला टांगलेल्या आहेत.

आपण या प्रश्नाचे तीन भाग करू. पहिला कानाचा: वाद्याचा आवाज गाण्यात बसतो का? दुसरा हाताचा: ते वाद्य वाजवणाऱ्याच्या अंगाला मानवतं का? आणि तिसरा डोळ्याचा: समोरच्या श्रोत्याला बँड एक वाटतो का? वाद होतात ते बहुतेक वेळा हे तीन भाग एकत्र कालवल्यामुळे.

आधी बेस करतो काय ते बघू. तबल्याच्या जोडीत डग्गा जे करतो, साधारण तसंच काम बँडमध्ये बेसचं असतं. भजन चालू असताना डग्ग्याकडे आपलं लक्ष असतंच असं नाही, पण तो गप्प झाला की खालची जमीन सरकल्यासारखी वाटते. बेस मात्र ठेक्याबरोबर सूरही धरतो. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला लावतात, म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या एक सप्तक खाली. ड्रमचा ठेका आणि गिटारचे स्वर यांना जोडणारी गाठ ती हीच. ही गाठ सैल असली तर वर सगळ्यांचे कपडे जुळले काय किंवा न जुळले काय, गाणं उभं राहत नाही.

आता कानाचा भाग. बेस गिटार येण्याआधी बँडमध्ये लाकडी डबल बेस असे. तो माणसापेक्षा उंच, न्यायला-आणायला अवघड, आणि मोठ्या वाद्यमेळात त्याचा आवाज दबून जाई. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. गळ्यात अडकवता येणारा, अँपला जोडता येणारा, आणि मानेवर सतारीसारखे पडदे असल्यामुळे सूर अचूक लागणारा. म्हणून तर नाव प्रिसिजन! फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी सोडवलेले प्रश्न आवाजाचे आणि सोयीचे होते.

या एकाच वाद्याचं पुढे काय झालं बघा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी जेम्स जेमरसन यांनी साठच्या दशकात त्यावर सोल संगीत वाजवलं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडमध्ये डी डी रमोनने त्याच जातीच्या बेसवर पंक वाजवलं. वाद्य एक, पण दोन्ही आवाज शेजारी ठेवले तर ते एकाच वाद्यातून आलेत हे सांगूनही पटत नाही. असं का? जेमरसन गुळगुळीत वेष्टणाच्या जाड तारा वापरत आणि त्या तुटल्याशिवाय सहसा बदलत नसत. ब्रिजपाशी फोमचा तुकडा दाबलेला असे, आणि छेडायला उजव्या हाताची एकटी तर्जनी. त्यामुळे त्यांचा स्वर गोल, ऊबदार आणि लगेच विरणारा. डी डी मात्र पिकने सतत वरून खाली, भरधाव वाजवायचा, त्यामुळे त्याचा स्वर कडक आणि खडबडीत. म्हणजे शैली राहते ती तारांमध्ये, बोटांमध्ये, अँपच्या बटणांवर. लाकडाला कुठला रंग दिलाय आणि त्याला टोकं किती आहेत, यात ती फारच थोडी असते.

पण मग "कुठलंही वाद्य चालतं" असं म्हणायचं का? नाही, तसंही म्हणता येणार नाही. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा तिथे ड्रमवालाच नव्हता. बिल ब्लॅक डबल बेसच्या तारा ओढून मानेवर आपटत होता, आणि तो चटचट आवाज ठेक्याचं काम करत होता. रॉकाबिली नावाची शैली या आवाजावर उभी आहे. तो हवा असेल तर डबल बेसच लागतो. आजच्या मेटलमध्येही असंच एक कारण सापडतं. तिथे गिटारी अनेकदा नेहमीपेक्षा बऱ्याच खाली लावलेल्या असतात. साध्या चार तारांचा बेस तितका उतरवला की तारा ढिल्या पडतात आणि स्वर गढूळ होतो. मग पाच तारांचा बेस घेतात, ज्याची खालची तार साधारण ३१ हर्ट्झला असते. इथे शैली ठराविक वाद्य मागते हे खरं. पण ते कानासाठी मागते, फोटोसाठी नाही.

दुसरा भाग हाताचा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या घाटाचा हॉफ्नर बेस आपल्यापैकी अनेकांनी फोटोत पाहिला असेल. आज बीटल्सची गाणी वाजवणारे जगभरचे बँड नेमका तोच घाट शोधत फिरतात. मग पॉलने तो का घेतला होता? १९६१ साली हॅम्बर्गमध्ये त्याने तो घेतला, तेव्हा किंमत होती सुमारे ३० पौंड, आणि फेंडर त्याच्या ऐपतीबाहेरचा होता. शिवाय पॉल डावखुरा. हॉफ्नरच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे तो उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. आतून पोकळ म्हणून हलकाही होता. म्हणजे खिसा आणि हात यांनी निवड केली, डोळ्याचा वाटा थोडासाच. हा बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि तो परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. जगभर बातमी झाली, कारण मधल्या काळात त्या स्वस्त वाद्याची ओळख बीटल्सशी कायमची जोडली गेली होती.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. आपण ज्याला "त्या शैलीला शोभणारं वाद्य" म्हणतो, ते निवडलं गेलं तेव्हा अनेकदा शोभणारं वगैरे नव्हतंच. कुणीतरी ते वाजवलं, चांगलं वाजवलं, आणि मग ते शोभायला लागलं. फेंडरने १९६० साली अरुंद मानेचा बेस काढला आणि जॅझवाल्यांना आवडेल म्हणून त्याला 'जॅझ बेस' नाव दिलं. पुढे तो गाजला लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सच्या हातात, म्हणजे दणदणीत रॉकमध्ये! जॅझमध्ये त्याला नवा सूर दिला तो जॅको पास्टोरियसने, आणि त्याच्या बेसवरचे तर पडदेच काढून टाकलेले होते. दुकानातल्या पाटीवरचं नाव पाळायचं ठरवलं असतं, तर यातलं काही घडलं नसतं.

आता तिसरा भाग, डोळ्याचा. इथे काही जण म्हणतील, "दिसण्याला काही अर्थ नाही, संगीत महत्त्वाचं." आमच्या मते हेही अर्धवट आहे. मंचावरचा कार्यक्रम बघायचाही असतो. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या किस या बँडचं उदाहरण घ्या. चेहरे रंगवलेले, उंच टाचांचे बूट, बेसवाला जीन सिमन्स तोंडातून आगीचे लोळ काढतोय. सुरुवातीची काही वर्षं तो साध्याच आकाराचे बेस वाजवायचा, पुढे त्याने कुऱ्हाडीच्या आकाराचा बेस बनवून घेतला. किसच्या कार्यक्रमात त्याने साधा सदरा घालून कोपऱ्यात उभं राहायचं ठरवलं असतं, तर प्रेक्षकाला चुकल्यासारखं वाटलं असतं आणि ते रास्तच ठरलं असतं. कारण तिथे नाटक हा संगीताचाच भाग आहे. रमोन्सचं उलट: सगळ्यांची चामडी जाकिटं, फाटक्या जीन्स, सगळ्यांचं आडनावही 'रमोन'. तो गणवेशच होता. पण लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी तो पूर्ण बँडचा निर्णय होता, एकट्या बेसवाल्यावर लादलेला नियम नव्हता.

दिसणं जुळलं आणि वाजवणं नाही, तर काय होतं? १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडने ग्लेन मॅटलॉक गेल्यावर सिड व्हिशसला घेतलं. टोकदार केस, गळ्यात साखळी आणि कुलूप. पंक म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. पण त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अल्बमवर बहुतेक गाण्यांतला बेस वाजवावा लागला तो गिटारवादक स्टीव्ह जोन्सला. फोटोतला बेसवाला एक आणि ऐकू येणारा दुसरा!

याच्या बरोबर उलट उदाहरण क्लिफ बर्टनचं. मेटालिकाने त्याचं वादन ऐकलं आणि तो बँडमध्ये यावा म्हणून १९८३ मध्ये सगळा बँड लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहायला गेला. थ्रॅश मेटलवाले तंग जीन्स घालायचे त्या काळात क्लिफ आधीच्या दशकातल्या बेलबॉटम घालून वाजवायचा. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला. आज मेटलवाल्यांना त्या बेलबॉटमही मेटलच्याच वाटतात. आणि बॉस्टनचा पिक्सीज हा बँड? १९८६ मध्ये त्यांच्या जाहिरातीला उत्तर देणारी किम डील आली, तेव्हा तिच्याकडे बेसच नव्हता, कारण तिने तो आधी कधी वाजवलाच नव्हता. सुरुवातीच्या कार्यक्रमांना ती नोकरीवरच्या कपड्यांतच यायची. तिचा बेस पुढे त्या बँडच्या आवाजाची ओळख झाला.

स्टुडिओत तर डोळ्याचा प्रश्नच मिटतो. मोटाउनने आपल्या गायकांना चालणं-बोलणं, नाच, पोशाख शिकवायला खास माणसं ठेवली होती. पण त्या सगळ्या चकचकाटाखालचा बेस जेमरसन गॅरेजमधून केलेल्या स्टुडिओत बसून वाजवत होते, आणि बरीच वर्षं तबकड्यांवर त्यांचं नावही नसे. लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के या बाईंनी साठच्या दशकात बीच बॉइजसह अनेकांच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस वाजवला. ऐकणाऱ्यांना वाजवणारं कोण हे माहीत नव्हतं, आणि गाण्यांचं काही अडलं नाही. आपल्याकडेही मुंबईच्या चित्रपटसंगीतात हेच. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे. ती गाणी पाठ असणाऱ्या किती जणांना त्यांचा चेहरा माहीत आहे?

मग नव्या वादकाने करायचं काय? आमचं म्हणणं असं. आवाज बँडशी जुळलाच पाहिजे, यात सूट नाही. वाद्य अंगाला मानवलंच पाहिजे, यातही नाही. दिसण्याबद्दल मात्र सगळ्यांनी बसून ठरवावं, आणि जे ठरेल ते सगळ्यांना लागू असावं.

नवं वाद्य घेण्याआधी तीन गोष्टी करून बघा. तालमीचं रेकॉर्डिंग फोनवर करा आणि बँडबाहेरच्या कुणाला तरी फोटो न दाखवता ऐकवा. बेस खटकतो का, एवढंच विचारा. खटकत असेल तर आधी तारा बदला, पिक आणि बोटं दोन्ही वापरून बघा, अँपची बटणं फिरवा. याला नव्या बेसच्या मानाने अगदी थोडे पैसे लागतात. आणि दुकानात गेलात तर पट्टा गळ्यात घालून निदान अर्धा तास उभं राहून वाजवा. बेसचं वजन सहज चार किलो भरतं, आणि टोकदार घाटाच्या काही बेसची मान हात सोडला की खाली झुकते. दोन तासांच्या कार्यक्रमात ती उचलून धरायचं काम तुमच्या डाव्या हाताला करावं लागेल.

एवढं करूनही बँड म्हणाला की "आवाज उत्तम आहे, पण वाद्याचा रंग आमचा नाही", तर एक साधा प्रश्न विचारा: बाकीच्यांनी शैलीसाठी स्वतःचं काय बदललं? गिटारवाल्याने, गायकाने काही बदललं असेल, तर तुम्हीही खुशाल बदला. कुणीच काही बदललेलं नसेल, तर मात्र खर्च करण्याआधी नीट विचार करा. आज इथे थांबू. पुढच्या वेळी ड्रम आणि बेस एकमेकांचं ऐकतात म्हणजे नेमकं काय करतात, ते बघू.