साध्या मॉनिटरवर नजरेची परीक्षा

करड्या पडद्यावर फिकट पट्टे क्षणभर उमटतात. ते उभे होते की आडवे, एवढंच समोरच्यानं बटण दाबून सांगायचं. ओळीनं तीनदा बरोबर आलं की पट्टे आणखी पुसट करायचे, एकदा चुकलं की थोडे ठळक. एकाच बरोबर उत्तरावर विसंबता येत नाही, कारण निम्मी उत्तरं नुसत्या अंदाजानंही बरोबर येतात.

अशा प्रयोगांसाठी १९९७ साली ब्रेनार्ड आणि पेली यांच्या लेखांतून जगापुढे आलेला ‘सायकोफिजिक्स टूलबॉक्स’ फुकट होता; पण तो ज्या मॅटलॅब सॉफ्टवेअरवर चालायचा, त्याचा परवाना विकतचा. पुढे नॉटिंगहॅम विद्यापीठात जॉनथन पीअर्स यांनी पायथन या संगणकभाषेत ‘सायकोपाय’ लिहिलं. २००७ साली त्यावरचा लेख छापून आला. खर्च वाचला हे खरंच, पण आतला कोड कुणालाही उघडून तपासता येतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

चित्र काढणं यात सोपं. वेळ सांभाळणं अवघड. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असेल, तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. चित्र ४० मिलिसेकंद दाखवा म्हटलं तरी ते दिसणार ३३ नाहीतर ५०. म्हणून जाणकार घड्याळ न बघता फ्रेमा मोजतात. आकारही पिक्सेलमध्ये न लिहिता डोळ्याशी होणाऱ्या कोनात लिहितात. ५७ सेंटिमीटरवरून एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक अंश. पडद्याची रुंदी, पिक्सेल आणि अंतर एकदा भरलं, की तोच प्रयोग दुसऱ्या मॉनिटरवरही चालतो.

खरी गोची प्रकाशाची. ० ते २५५ मधला १२८ आकडा दिला, तर पडदा निम्मा उजळेल असं वाटतं. प्रत्यक्षात साधारण बावीस टक्केच प्रकाश मिळतो. आकडा आणि प्रकाश यांच्या नात्यातला हा वाक मोजून त्याच्या उलटा तक्ता सॉफ्टवेअरला द्यावा लागतो. प्रकाशमापक महाग असतो. तो नसेल तर काळ्या-पांढऱ्या एकेका पिक्सेलच्या आडव्या रेघांशेजारी सपाट करडा चौकोन ठेवायचा आणि लांबून पाहायचं. रेघा एकमेकींत मिसळून खरोखरीचा निम्मा प्रकाश देतात. चौकोन त्यांत विरघळेपर्यंत त्याचा आकडा वाढवत न्यायचा. बहुतेक मॉनिटरवर तो १८६ च्या आसपास थांबतो.