निवड जपावी, श्रम वाचावेत

दुकानाच्या गादीवर बसलेल्या आजोबांचे आमच्या घरी एकच छायाचित्र आहे. ते स्कॅन करून फोटोशॉपमध्ये मागील भिंतीवरचे डाग काढताना पगडीची कड माउसने रेखण्यात माझी एक दुपार गेली. काम होताच फाइल जेपेग स्वरूपात ठेवली. दुसऱ्या दिवशी पगडी किंचित उजळावी म्हटले, तर ती निवड नाहीशी झालेली! सारे श्रम पुन्हा करावे लागले.

वास्तविक उपाय सोपा होता. निवड पूर्ण होताच ‘सिलेक्ट’ मेनूतील ‘सेव्ह सिलेक्शन’ घ्यावे व तिला ‘पगडी’ असे ओळखीचे नाव द्यावे. ती अल्फा चॅनेल म्हणून साठते. त्यात पांढरा भाग निवडलेला, काळा वगळलेला आणि करडा अंशतः निवडलेला असतो. पुढे ‘लोड सिलेक्शन’ने ती जशीच्या तशी परत येते, चालू निवडीत ती मिळवता किंवा तीतून वजाही करता येते. मात्र फाइल पीएसडी स्वरूपात जतन करावी. जेपेगमध्ये अल्फा चॅनेल राहत नाही.

बँकेत आम्ही मूळ दस्तऐवज तिजोरीत ठेवीत असू आणि बाहेर प्रत देत असू. येथेही तोच नियम पाळावा: पीएसडी घरी राहू द्यावी, आप्तेष्टांना जेपेग पाठवावी.