दारातले पार्सल गेले, तर तक्रारीत काय लिहाल?

घरातली सारी माणसे कामावर. पार्सलवाला मुलगा कडी वाजवतो, दार उघडत नाही, तेव्हा चपलांशेजारी खोके ठेवून, फोटो काढून निघून जातो. संध्याकाळी बाई घरी येते तो जागा मोकळी! कंपनी म्हणते, माल पोचला. शेजारी म्हणतात, आम्ही पाहिले नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "किंमत किती होती?"

भगिनींनो, हा प्रश्न साधा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. परंतु माल पाच हजारांच्या आतला, आरोपी पहिल्यांदाच सापडलेला आणि त्याने वस्तू वा किंमत परत केली, तर फक्त सामुदायिक सेवा. शिवाय पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र ठरवली आहे. दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. जुन्या ३७९ कलमात किमतीची ही पायरी नव्हती. आता सांगा, आपल्या घरी पाच हजारांवरची पार्सले कितीशी येतात? लेकीची पुस्तके, आईचा चष्मा, हे सारे त्या रेषेखालीच राहिले!

मात्र कलम ३०५ वेगळे आहे. राहत्या इमारतीत चोरी झाली, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, आणि तेथे किमतीची अट नाही. म्हणून वस्तू नेमकी कोठून गेली ते तक्रारीत स्पष्ट लिहा: दाराच्या आतून, बंद जिन्यातून की जिन्याखालच्या टपालपेटीतून. उघडी ओसरी इमारतीत धरावी की नाही, यावर कोर्टात पूर्वी वाद झाले आहेत. तेव्हा पार्सल ओसरीवर न टाकता शेजारच्या काकूंच्या हाती द्यायला सांगावे, हे बरे.

आणि पत्र गेले तर? मुलाखतीच्या बोलावण्याची किंमत काय लिहिणार, कागदाची? कायद्यात चोरीच्या मालाला किमान किंमत लागत नाही; पत्रही जंगम मालच. कोणत्या कार्यालयाचे पत्र, पाठवल्याची तारीख, स्पीड पोस्टचा क्रमांक, एवढे लिहा. तक्रारीची पोच त्याच दिवशी त्या कार्यालयाला पाठवून दुसरी प्रत मागा. मुलाखतीची तारीख पोलीस तपासासाठी थांबत नाही.

गुन्हा नोंदला गेला, तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.