कुलाब्यात उतरायचं कुठे?

मंत्रालयात काम असलेला माणूस सोलापूर-लातूरकडून रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी सीएसएमटीला उतरतो, फलाटावरच्या नळावर तोंड धुतो, दिवसभर या टेबलावरून त्या टेबलाकडे फिरतो आणि काम अर्धवट टाकून पुन्हा रात्रीची गाडी धरतो. मुंबईच्या उच्च न्यायालयात तारीख असलेल्या बाहेरगावच्यांचीही तीच गत. कुलाबा तिथून जवळ आहे. पण कुलाब्यात राहायचं म्हणजे ताज, आणि ताज काही आपल्यासाठी नाही, असं धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात ताजच्या मागच्या मेरवेदर रोडवर, हॉटेलपासून काही पावलांवर, साल्व्हेशन आर्मीच्या रेड शिल्ड हाऊसमध्ये डॉर्मिटरीतली एक खाटही भाड्याने मिळते. देशातल्या महागड्या वस्त्यांपैकी एकीत हे कसं जमतं, ते कळलं की खोली निवडणं बरंच सोपं होतं.

मुक्कामाची सोय इथे आली ती समुद्रामुळे. बोटीने मुंबईत येणारा माणूस अपोलो बंदराला, पुढे बॅलार्ड पिअरला उतरायचा, आणि उतरल्यावर त्याला पहिल्यांदा लागायची खोली. काळा घोड्याचं वॉटसन्स हॉटेल १८६०च्या दशकात उभं राहिलं ते याच प्रवाशांसाठी. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं तिथेच दाखवली गेली. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ रोजी, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन होण्याच्या एकवीस वर्षं आधी. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य वारल्यावर ते काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. मुंबईच्या सगळ्यात नामांकित इमारतीमागे वैद्यांचं नाव आहे, हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. रीगल सिनेमासमोरच्या मॅजेस्टिक हॉटेलचं पुढे आमदार निवास झालं, आणि गावाकडच्या कित्येक कार्यकर्त्यांनी कुलाब्यातली पहिली रात्र तिथेच काढली.

बोटीवर साहेब असत तसे खलाशीही असत. म्हणून बंदराजवळ महागडी आणि स्वस्त अशी दोन्ही प्रकारची मुक्कामाची ठिकाणं शेजारीशेजारी वाढली. बोटी बंद पडल्या तरी गिऱ्हाईक आटलं नाही. १९७०-८०च्या दशकांत आखाती देशांतली कुटुंबं खास पाऊस बघायला इथे येऊन राहत. आर्थर बंदर रोडवरची अत्तराची दुकानं त्यांच्याच जिवावर वाढली. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर पाठीवर पिशवी टाकून फिरणारे परदेशी तरुण आले.

पण या सगळ्यांना सामावून घेतलं ते जुन्या इमारतींनी. कुलाब्यातल्या बऱ्याचशा इमारती तीन-पाच मजल्यांच्या, उंच छताच्या, मोठमोठ्या घरांच्या आहेत. १९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याच्या नावातच घरभाड्यासोबत हॉटेल आणि लॉजिंग हाऊसच्या दरांचा उल्लेख होता. त्या कायद्याने जुनी भाडी गोठली, घर सोडायला कोणी तयार होईना आणि इमारत पाडून नवी बांधणं मालकाला सोपं राहिलं नाही. १९९५पासून वारसा इमारतींचे नियमही लागू झाले. परिणामी दर्शनी भाग शंभर वर्षांपूर्वीचा राहिला आणि आत मात्र बदल होत गेले. एखादा मजला गेस्ट हाऊस झाला, त्याच्या वर कुटुंबं राहतात, खाली दुकान. एकाच जिन्यावर दोन-तीन वेगवेगळ्या गेस्ट हाऊसच्या पाट्याही दिसतात.

खोलीचा सगळा स्वभाव इथून ठरतो. समजा एक मोठं घर आहे. त्याच्या दोनच बाजू बाहेर उघडतात. त्यात आठ-दहा खोल्या पाडल्या, तर खिडकी मिळणार फक्त बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्यांना. आतल्या खोल्यांचं दार बोळात उघडतं आणि हवा येते ती डक्टकडून किंवा एसीतून. पार्टिशन प्लायवूडचं असेल तर शेजारच्याचा फोनही ऐकू येतो. म्हणून एकाच गेस्ट हाऊसमध्ये, एकाच मजल्यावर, दोन खोल्यांच्या भाड्यात मोठा फरक असतो. भाडं पत्त्यापेक्षा खिडकीचं असतं, असं माझं इतक्या वर्षांचं ठाम मत आहे. फोनवर विचारायचं ते असं: खिडकी आहे का, ती रस्त्यावर उघडते की डक्टमध्ये? भिंत विटांची की पार्टिशन? संडास-बाथरूम खोलीला जोडून की सामाईक? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेपुरतं? लिफ्ट चालू असते का? उंच छताच्या इमारतीत तिसरा मजला म्हणजे आईवडिलांच्या गुडघ्यांसाठी चौथ्यासारखाच, तेव्हा लिफ्टचा प्रश्न विसरू नये.

यानंतर गल्ली. कॉजवेवर, म्हणजे शहीद भगतसिंग मार्गावर तोंड असलेली खोली फेरीवाले आणि बसगाड्यांमुळे रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असते. मुख्य रस्त्यापासून समुद्राकडे वळणाऱ्या गल्ल्या, हेन्री रोड, गार्डन रोड वगैरे, झाडांच्या आणि शांत आहेत. मध्यम भाड्याची बरीच हॉटेलं याच पट्ट्यात आहेत, आणि मुलाबाळांसह येणाऱ्याने आधी इथेच चौकशी करावी. ससून डॉककडे सरकलं की भाडं उतरतं, पण पहाटे मासळीचा बाजार भरतो आणि वाऱ्याबरोबर वास येतो. ज्याला तो चालतो, त्याने १८७५ सालची ती गोदी पहाटे बघावीच. गेटवेच्या बाजूला २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर बंदोबस्त वाढला. तिथे गाडी थेट दारापर्यंत जाईलच असं नाही, हे सामान जास्त असेल तर आधी विचारून ठेवावं.

एकट्या बाईने मुक्काम करायचा तर मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीए मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. तिथून मंत्रालयही जवळ. क्लबांचीही एक वाट आहे, पण ती सगळ्यांना खुली नाही. अपोलो बंदरच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबसारख्या संस्थांच्या खोल्या सभासदांना आणि संलग्न क्लबांच्या सभासदांना मिळतात. आपल्या गावच्या क्लबचा असा करार आहे का, हे एकदा विचारून बघायला हरकत नाही.

आता पैशांचा हिशेब. खोलीच्या दिवसाच्या भाड्यावर जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के असा दर आहे. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. भाड्यात फरक दोनशेचा, खिशातून जादा जातात जवळजवळ बाराशे. कर छापील दरावर नसून प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर असतो, त्यामुळे या सीमारेषेजवळ घासाघीस करणं खरोखर फायद्याचं असतं. नाताळ ते नववर्ष या काळात ती चालत नाही. पावसाळ्यात चालते. मात्र पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही बोट बंद असते, तेव्हा अलिबागचा बेत जोडू नये.

टॅक्सीवाल्याने किंवा गेटवेजवळ भेटलेल्या माणसाने नेलेल्या लॉजवर त्याचं कमिशन आपल्याच भाड्यात चढतं. नाव आधी ठरवून जावं, खोली आणि गादी डोळ्यांनी बघावी आणि मगच पैसे द्यावेत. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. काही ठिकाणी मुंबईचा पत्ता असलेल्याला किंवा लग्न न झालेल्या जोडप्याला खोली नाकारतात. तसा कोणताही कायदा नाही, तो त्या हॉटेलचा स्वतःचा नियम असतो. रात्री अकरा वाजता दारात वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर विचारलेलं बरं.

पोचायचं कसं? रिक्षा इथे चालत नाहीत, टॅक्सी किंवा बेस्टची बस. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. विमानतळावरून बसलं तर हुतात्मा चौक किंवा विधान भवन स्थानकावर उतरावं. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याची अडचण निराळी. गाडी उजाडता उजाडता पोचते आणि खोलीचा ताबा बहुतेक ठिकाणी दुपारी मिळतो. त्यामुळे खोली ठरवतानाच लवकर ताबा मिळेल का, त्याचं जादा भाडं किती, आणि तोवर सामान ठेवून अंघोळ करता येईल का, हे विचारून घ्यावं. लहान गेस्ट हाऊसमध्ये आदल्या रात्रीची खोली रिकामी असेल तर पुष्कळदा होकार मिळतो, आणि दहाच्या आत आवरून कामाला निघता येतं.