कोपऱ्यातला माणूस

कबड्डी पाहून घरी परतणाऱ्यांना चढाई करणाऱ्याचं नाव पाठ असतं. तो एकटा पलीकडे जातो, सातजणांच्या घरात शिरतो, तीस सेकंदांत कुणाला तरी शिवून परत येतो. पकड करणाऱ्याच्या वाट्याला असं काही येत नाही. त्याने काम चोख केलं, की पाहुणा आत अडकतो आणि वर माणसांचा ढीग होतो. त्या ढिगाऱ्यात पहिला हात कुणाचा पडला, हे प्रेक्षकाला दिसतही नाही. तो चुकला तर मात्र साऱ्या मैदानाला दिसतं. बँकेत रोखपालाचं असंच असे. संध्याकाळी रोकड जुळली म्हणून कुणी कधी त्याची पाठ थोपटल्याचं मला आठवत नाही.

आमच्या घोटावड्यात मातीवर खेळणाऱ्या पोरांना विचारावं, "काय खेळतोस रे?" उत्तर बहुधा एकच, "चढाई". गावाच्या नावातच घोटा आहे, पण घोट्याची पकड शिकायला फारसं कुणी उत्सुक नाही. असो.

या पोरांना मी धर्मराज चेरलाथनचं नाव सांगतो. जन्म १९७५चा, तंजावर जिल्ह्यातला. तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. त्याच मुलखातला हा उजवा कोपरारक्षक. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा हा ३९ वर्षांचा होता. या वयात बहुतेक खेळाडू शिट्टी गळ्यात अडकवून पंच नाही तर प्रशिक्षक झालेले असतात. चेरलाथनची खरी व्यावसायिक कारकीर्द तिथे सुरू झाली. २०१६ साली त्याच्या नेतृत्वाखाली पाटणा पायरेट्स विजेते ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अहमदाबादला भारताने इराणला ३८-२९ असं हरवून विश्वचषक जिंकला, त्या संघातही तो होता.

पुढच्या वर्षी तो पुणेरी पलटणकडे आला. डाव्या कोपऱ्यात आपला गिरीश एर्नाक, उजव्यात चेरलाथन. बालेवाडी आमच्याकडून हिंजवडी ओलांडली की आलीच. बेचाळीस वर्षांचा माणूस पंचविशीतल्या पोरांच्या तंगड्या धरत होता! त्या वयात आम्ही बदलीची ऑर्डर आली की आधी कंबर धरायचो.

हे जमतं कसं? कोपरा ही जागा समजून घेतली तर थोडं उलगडतं. चढाईपटू आत आला की मधले खेळाडू मागे सरतात, कोपरे दोन बाजूंनी त्याला आत ओढून घेतात. धावायचं त्याने, कोपऱ्याने वाट पाहायची. पाहुणा परत फिरण्यासाठी वळतो, सगळा भार एका पायावर येतो, तो क्षण कोपऱ्याचा. अर्धा क्षण आधी झेप घेतली तर नुसता स्पर्श होऊन तोच बाद. अर्धा क्षण उशीर झाला तर हातात हवा. घोटा धरला तरी काम संपत नाही; शेजारचा मध्यरक्षक धावून येईपर्यंत तो सोडायचा नाही. पाय मंदावतात, पण ही नजर वयाने मंदावतेच असं नाही. माझ्या मते ती वाढतेच. शरीराला द्यावी लागणारी किंमत मात्र वेगळी. चढाईपटूची लाथ, गुडघा, पडणाऱ्याचं वजन, सगळं कोपऱ्याच्या खांद्यांवर आणि बोटांवर येतं.

आणि मिळतं काय? यशस्वी पकडीचा एक गुण. मैदानावर तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना पकड केली तर दोन. तिला आपल्या वर्तमानपत्रांनी 'अव्वल पकड' असं छान नाव दिलं आहे. एका चढाईत तीन-चार गडी टिपणाऱ्यापुढे हे गुण किरकोळच दिसतात. लिलावातही वर्षानुवर्षं तोच हिशेब चालला. म्हणून २०१८ साली यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीसाठी १ कोटी मोजले, तेव्हा मला गंमत वाटली. लीगमध्ये कोटीचा आकडा प्रथम गाठणारा खेळाडू डावा कोपरारक्षक निघाला. त्या मोसमात यू मुंबाच्या उजव्या कोपऱ्यात होता ४३ वर्षांचा चेरलाथन.

त्याच्या आधीच्या पिढ्यांना हे दिवस दिसले नाहीत. तेव्हा कबड्डीचं बक्षीस म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या, बँका. क्रीडा कोट्यातून आलेले सहकारी मी पाहिले आहेत. दुपारपर्यंत काउंटर, मग सराव. सोमवारी पेन धरताना बोटाला पट्टी. चाळिशीत मैदान सुटलं की उरलेली वर्षं लेजरमध्ये. पहिल्या लिलावात, २०१४ साली, सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. तोही आकडा त्यांच्यापैकी कुणी आयुष्यात खेळाच्या नावावर पाहिला नसेल. चेरलाथन दोन्ही काळांत खेळला. पहिल्यात तरुणपण गेलं, दुसऱ्यात पैसा आला. हा व्यवहार न्याय्य होता असं मला वाटत नाही, पण त्याच्या खेळात कुरकुर कधी दिसली नाही.

२०१९ मध्ये, ४४व्या वर्षी, तो हरियाणा स्टीलर्सचा कर्णधार होता. संघातली काही पोरं जन्मली, तेव्हा हा विशीत होता. पोरं त्याला 'अण्णा' म्हणत, आणि तो कोपऱ्यात, एक पाय पुढे टाकून, समोरच्याच्या वळण्याची वाट पाहत उभा.