पनवेलहून रायगड किनाऱ्यावर : मैदानी उपक्रम, जलक्रीडा आणि महाविद्यालयीन सहलीचे नियोजन

प्रस्तावना

मुंबई, पुणे आणि कोकण या तिन्ही बाजूंच्या वाटा पनवेल येथे एकत्र येतात. गाढी नदीच्या काठी, खाडीच्या आत वसलेले हे गाव पूर्वी बंदर म्हणून ओळखले जात असे. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणारा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. परिणामी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांसाठी पनवेलचे प्रवेशद्वार म्हणून असलेले महत्त्व वाढले आहे.

या पर्यटकांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा वाटा मोठा असतो. प्रस्तुत लेखात या परिसरातील मैदानी उपक्रम व जलक्रीडा यांचे स्वरूप, त्यांना अनुकूल असलेला काळ आणि त्यांतील धोक्यांची कारणे यांचा परामर्श घेतला आहे. सहलीचे वेळापत्रक बसच्या सोयीने नव्हे, तर समुद्राच्या व पावसाच्या गतीनुसार ठरविले पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

परिसर व उपक्रम

पनवेलच्या पूर्वेस प्रबळगड व कलावंतीण ही गिर्यारोहकांची परिचित ठिकाणे आहेत. दक्षिणेस मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य असून ते १९६८ साली घोषित झाले. अंगठ्याच्या आकाराच्या सुळक्यामुळे कर्नाळा किल्ला दुरूनही ओळखता येतो. पक्षिनिरीक्षण व वनस्पती-अभ्यास या दृष्टीने हे ठिकाण विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष उपयुक्त आहे. पनवेल व उरण परिसरातील खाडीकाठ हा चिखलाचा व खारफुटीचा प्रदेश आहे. तेथे पोहणे योग्य नाही. मात्र हिवाळ्यात पाणपक्ष्यांच्या निरीक्षणास तो उत्तम आहे.

प्रत्यक्ष जलक्रीडांसाठी पर्यटक वडखळमार्गे अलिबागकडे वळतात. पनवेलपासून अलिबाग सुमारे ७० कि.मी. आहे. तेथून दक्षिणेस नागाव, काशीद व मुरूड हे किनारे लागतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. जंजिऱ्यास जाण्यासाठी राजपुरीहून शिडाच्या होड्या मिळतात.

जलक्रीडांचे स्वरूप

या किनाऱ्यावरील जलक्रीडांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार यांत्रिक वाहनांचा असून त्यात जेट स्की व वेगवान नौका येतात. दुसऱ्या प्रकारात पर्यटक यांत्रिक नौकेमागे ओढला जातो. बनाना बोट व पॅरासेलिंग ही त्याची उदाहरणे होत. तिसरा प्रकार कयाकसारख्या वल्ह्यांच्या नावांचा आहे.

प्रत्येक प्रकारातील धोका वेगळा आहे. जेट स्कीच्या बाबतीत पोहणाऱ्यांशी टक्कर होण्याचा संभव असतो. म्हणून पोहण्याचे व वाहनांचे क्षेत्र स्वतंत्र असणे आवश्यक आहे. बनाना बोटीवरील पर्यटकांना गंमत म्हणून पाण्यात पाडले जाते. अशा वेळी जीवरक्षक जॅकेटचे सर्व पट्टे घट्ट बांधलेले नसतील, तर जॅकेट वर सरकून निरुपयोगी ठरते. पॅरासेलिंग वाऱ्यावर अवलंबून असते. झोत अचानक वाढल्यास छत्रीवर नियंत्रण राहत नाही. कयाक वारा व ओहोटी यांच्या जोराने किनाऱ्यापासून दूर जाऊ शकते.

समुद्राचे वेळापत्रक

कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. भरतीची वेळ काढण्याची एक पारंपरिक रीत आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. तृतीयेस सव्वादोन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा याप्रमाणे. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. ही रीत स्थूल आहे. नेमक्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत. तथापि सहलीचा दिवस निवडण्यास ती पुरेशी आहे.

कुलाबा किल्ल्याचे उदाहरण घेता येईल. तृतीया-चतुर्थीस ओहोटी सकाळी साडेआठ ते सव्वानऊच्या सुमारास पूर्ण होते व पाणीही बरेच हटते; त्यामुळे सकाळी किल्ला पाहून पाणी चढण्यापूर्वी परतता येते. अष्टमीस ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास असली, तरी भांगामुळे पाणी तितके हटत नाही.

दैनंदिन चक्राखेरीज वार्षिक चक्रही लक्षात घ्यावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. प्रवासी होड्या व जलक्रीडाही साधारणतः मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवल्या जातात. सहलींस सर्वाधिक योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा होय.

दुर्घटनांपासून मिळणारा बोध

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. हे विद्यार्थी कोणत्याही जलक्रीडेत सहभागी नव्हते. ते पाण्यात उतरले होते. महिना पावसाळ्याचा नव्हता. तिथी कृष्ण अष्टमी, म्हणजे उधाणाचा नव्हे तर भांगाचा दिवस होता. वर दिलेल्या रीतीने पाहता दुपारी समुद्र भरतीला लागलेला असणार. तात्पर्य, अनुकूल ऋतू व शांत तिथी एवढ्यावर विसंबून विद्यार्थ्यांना पाण्यात सोडता येत नाही.

अशा दुर्घटनांमागे अनेकदा परतीचा प्रवाह हे कारण असते. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी वाळूच्या दांड्यांतील अरुंद वाटेने वेगाने समुद्राकडे परतते. तेथे लाटा कमी फुटत असल्याने तोच भाग अनभिज्ञास शांत वाटतो. त्यात सापडलेली व्यक्ती किनाऱ्याच्या दिशेने झगडत राहिल्यास थकून बुडते. अशा वेळी तरंगत राहून किनाऱ्याला समांतर दिशेने पोहत प्रवाहाबाहेर पडणे हा उपाय होय. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी मित्रांनी एकामागोमाग उड्या घेतल्याने बळींची संख्या वाढते. म्हणून दोर, फुगवलेली ट्यूब किंवा जॅकेट फेकणे अधिक श्रेयस्कर ठरते.

गोड्या पाण्याच्या ठिकाणीही धोका कमी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या डोंगरातील ओढ्यात चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी वाहून गेल्या. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खालच्या पर्यटकास दिसत नाही. पाणी मात्र काही मिनिटांत वाढते. पावसाळ्यात धबधबे व धरण परिसरात प्रवेशबंदीचे आदेश काढले जातात, त्यामागे हे कारण आहे.

शासकीय व्यवस्था

किनाऱ्यावरील नौका व जलक्रीडा यांच्या परवान्यांचे काम १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात जमीन, हवा व पाणी या तिन्हींवरील उपक्रमांचा समावेश आहे. उंच लाटांचे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. जलक्रीडा व जीवरक्षणाचे प्रशिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या परिसरातील व परिसराबाहेरील सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली आहेत.

सहलीचे नियोजन

वरील विवेचनावरून महाविद्यालयांसाठी पुढील बाबी सुचविता येतात :

१) सहलीची तारीख निश्चित करण्यापूर्वी तिथी व भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात आणि त्यानुसार किल्ला, किनारा व भोजन यांचा क्रम लावावा.
२) पाण्यात उतरण्याचा निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवू नये. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर घोट्याच्या पुढे न जाण्याचा नियम लेखी स्वरूपात, पालकांच्या संमतिपत्रासोबतच द्यावा.
३) जलक्रीडा परवानाधारक व्यावसायिकाकडेच कराव्यात, परवाना, नौकेची प्रवासीक्षमता व जॅकेटची स्थिती प्राध्यापकांनी स्वतः तपासावी.
४) १० ते १५ विद्यार्थ्यांच्या गटामागे एक प्राध्यापक असावा व त्याने पाण्याबाहेर उभे राहून गणती ठेवावी.
५) किनाऱ्यावर पोहोचताच स्थानिक कोळी बांधवांकडून त्या दिवसाच्या प्रवाहाची माहिती घ्यावी. वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर बदलतात. गतवर्षीचा अनुभव यंदा लागू पडेलच असे नाही.

समारोप

पनवेल व रायगड किनारा हा परिसर इतिहास, भूगोल, जीवशास्त्र व शारीरिक शिक्षण या सर्व विषयांची प्रयोगशाळा ठरू शकतो. दुर्घटनांच्या भीतीने सहलीच बंद करणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. तसे केल्यास विद्यार्थी प्राध्यापकांविना, स्वतंत्रपणे त्याच किनाऱ्यावर जातात आणि धोका वाढतो. भरती-ओहोटीचे गणित, परतीच्या प्रवाहाची ओळख व जॅकेटचा योग्य वापर या गोष्टी सहलीपूर्वीच्या एका तासिकेत शिकविता येतात. हा तास सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतील पहिला घटक मानला जावा.