संवत्सराची बाकी

भोर तालुक्यातील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. या घराण्यात जपून ठेवलेली एक शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. शिवकाळातील घटनांची टिपणे तीत वर्षवार आहेत. अशा जुन्या कागदांत शकाच्या आकड्यासोबत संवत्सराचे नावही पुष्कळदा आढळते. एकाच वर्षाची ही दुहेरी खूण अभ्यासकाच्या फार उपयोगी पडते.

संवत्सरे एकूण साठ. पहिले प्रभव, शेवटचे क्षय. क्षय सरले की पुन्हा प्रभव. कोणत्या शकाचे नाव कोणते, हे काढण्याची आपल्याकडील रीत सोपी आहे. शकात १२ मिळवावे, बेरजेस ६० ने भागावे, भागाकार सोडून द्यावा आणि बाकी तेवढी घ्यावी. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यात १२ मिळवले की १६०८. साठाने भागता बाकी उरते ४८. अठ्ठेचाळिसावे नाव आनंद. राज्याभिषेकाचे संवत्सर तेच होय.

आता समजा, नक्कल करताना लेखकाच्या हातून १५९६ चे १५६९ झाले. त्याची बाकी २१, म्हणजे सर्वजित संवत्सर. कागदावर तर आनंद लिहिलेले! आकडा आणि नाव जुळत नाहीत, तेव्हा कोठेतरी चूक आहे हे तत्काळ उघड होते.

एक शक असला तर हे गणित पाटीवरही होईल. शेकडो नोंदी असल्या तर? तेथे संगणक कामास येतो. आकडे ओळीने घरांत मांडावेत : शिवजन्माचा १५५१, आग्र्याहून राजगडास परतण्याचा १५८८, वेल्हे परिसरातील त्याच राजगडावर राजारामांचा जन्म झाला तो १५९१ आणि राज्याभिषेकाचा १५९६. पायथन या संगणकभाषेत बाकीसाठी टक्क्याचे चिन्ह (%) वापरतात. मात्र साध्या यादीलाच ६० ने भागू गेल्यास ती आज्ञा चालत नाही. एकेक घर उघडून त्यातील संख्येची बाकी काढावयाची आणि ती नव्या यादीत ठेवावयाची, असे सांगावे लागते. उत्तरे येतात ३, ४०, ४३, ४८. म्हणजे शुक्ल, पराभव, सौम्य, आनंद.

येथे एक गंमत आहे. शके १५४८ ची बाकी शून्य येते. शून्यावे नाव कोणते? जुनी रीत म्हणते, शून्य आल्यास साठावे नाव, क्षय घ्यावे. संगणक घरे मुळात शून्यापासूनच मोजतो. प्रभव शून्याच्या घरात, क्षय एकोणसाठाव्या. म्हणून त्याला १२ ऐवजी ११ मिळवण्यास सांगावे. मग निराळा नियम नको.

परंतु चूक नेमकी साठ वर्षांची असली तर बाकी बदलत नाही. शके १५३६ चे नावही आनंदच निघते. त्या वर्षी शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता, हे मात्र मजकूर वाचूनच कळावयाचे.